विभवाची वाटणी

घर तीन मजल्यांचं, पण टाकी एक आणि मोटर एक. मोटरीचा खटका तळमजल्यावर सासऱ्यांच्या खोलीत, खुर्चीच्या उजव्या हाताला. टाकी गच्चीवर, आणि गच्चीखाली धाकट्या मुलाची खोली. टाकी भरून वाहिली की पाणी गच्चीवर साचायचं, स्लॅबमधून वाट काढायचं आणि धाकट्याच्या पलंगावर उतरायचं, तेही उशाकडे. पलंग सरकवून पाहिला होता. पलंग जिकडे जाईल तिकडे ओल येते, असं धाकट्याचं म्हणणं. त्याच्या बायकोचं म्हणणं असं की ओल सगळीकडेच आहे, पलंग उगाच फिरतोय.

टाकी किती भरली हे खालून कळायला मार्ग नव्हता. सासरे मोटर लावत आणि अंदाजाने बंद करत. हा अंदाज वर्तमानपत्राच्या पुरवणीवर बांधलेला होता. पुरवणी वाचून झाली की टाकी भरली. पुरवणीत मजकूर बरा असला की टाकी वाहायची.

सासरे आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत होते. निवृत्त झाले तरी लाल पेन्सिल सुटली नव्हती. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, वाण्याची पिशवी, काहीही हाती आलं की ते चूक शोधत, खोडत आणि समासात दुरुस्ती लिहीत. आपलंच खोडणं चुकलं तर शब्दाखाली टिंबांची रांग देत. छापखान्यात त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता: खोडलं ते चुकलं, शब्द राहू द्या. पण तशी वेळ क्वचित यायची. टिंबं द्यायला आधी चूक कबूल करावी लागते.

धाकटी सून समोरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दुपारी शाळा सुटली की ती आधी सासऱ्यांच्या खोलीत यायची. मग चहा, वर्तमानपत्र आणि वाद. ती त्यांच्या शुद्धलेखनाला आव्हान द्यायची, ते तिच्या विज्ञानाला. शाळेत तिच्या चुका काढायची कुणाची टाप नव्हती आणि घरात त्यांच्या. त्यामुळे दोघांनाही तो तास आवडायचा, आणि आवडतो हे दोघांनीही एकमेकांना कधी सांगितलेलं नव्हतं.

धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बोलणं कमी. एका रविवारी सकाळी तो ओली उशी काखोटीला मारून बायकोसमोर उभा राहिला.

"गल्लीच्या टोकाला दोन खोल्या आहेत भाड्याने. बघून आलो. वर दुसरं बिऱ्हाड आहे, टाकी नाही."

"मला नाही जायचं."

"मलाही नाही जायचं. पण मला पोहताही येत नाही."

"मी करते काहीतरी."

"महिनाअखेर कळवतो म्हणून सांगितलंय त्यांना. तोवर छत कोरडं झालं तर राहू. नाही झालं तर चल गुपचूप."

ठरलं.

तिने शाळेच्या प्रयोगशाळेतल्या भंगारातून तारेच्या वेटोळ्याचं एक जुनं फिरतं बटण मागून आणलं. रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असतं तसलंच, जरा दांडगं. त्याच्या दांड्याला लांब काठी बांधली, काठीच्या टोकाला हवाबंद प्लास्टिकचा डबा. डबा टाकीत तरंगे. पाणी वर चढलं की काठी वर, काठी वर की बटण फिरे. बटणाच्या दोन टोकांना नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला. मधल्या, सरकणाऱ्या टोकापासून तारेची जोडी काढली आणि ती मधल्या मजल्यावरच्या थोरल्या मुलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून, जिन्याच्या भिंतीवरून खाली सासऱ्यांच्या टेबलापर्यंत आणली. तिथे काट्याची तबकडी. पाणी तळाला तर काटा शून्यावर, टाकी भरली तर नऊवर. तबकडीवर तिने आकड्यांऐवजी रिकामी, पाव, अर्धी, पाऊण, भरली असे शब्द लिहिले. सासऱ्यांनी लगेच 'पाऊण'मधला ऊ नीट गिरवला.

"हे चालतं कसं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, या वेटोळ्यात वरपासून खालपर्यंत रोध आहे. म्हणजे विजेला होणारा अडथळा. वर नऊ व्होल्ट, खाली शून्य. मधल्या टोकामुळे त्या रोधाचे दोन भाग पडतात, आणि जसे रोधाचे भाग तशी विजेच्या दाबाची वाटणी. अर्ध्यावर असेल तर साडेचार. पाणी ठरवतं टोक कुठे ते."

"याला नाव असेल काहीतरी."

"विभव-विभाजक," ती म्हणाली, आणि तबकडीखाली चिकटवायच्या चिठ्ठीवर तिने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

सासऱ्यांनी ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. एका मोठ्या शब्दकोशाची मुद्रितं त्यांनी तपासली होती, 'व'पर्यंत. मग छापखान्याने ते काम दुसऱ्याला दिलं. तेव्हापासून 'व'पर्यंतचे शब्द ते खात्रीने वापरत आणि 'श'पासून पुढचे जरा जपून. 'विभव' हा शब्द खात्रीतल्यांपैकी होता. विभव म्हणजे वैभव, ऐश्वर्य, संपत्ती. विभाजक म्हणजे वाटणी करणारा. आणि गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्यांची बातमी त्यांच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, त्यांना सकाळीच दिली होती.

सून गेल्यावर त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवरचा 'विभाजक' खोडला.

दुसऱ्या दिवशी तिने ते पाहिलं. मधल्या जोडरेघेवर आक्षेप असणार, असं तिला वाटलं. एवढ्याशा गोष्टीवर वाद घालण्यासारखा दिवस नव्हता, कारण छत सुकायला लागलं होतं. सासरे काटा 'पाव'वर आला की मोटर लावत, 'भरली'वर गेला की बंद करत. पुरवणी कितीही चांगली निघाली तरी टाकी वाहत नव्हती. धाकट्याने पलंग मूळ जागी आणला.

तक्रार मधल्या मजल्यावरून आली.

"टाकी वर, काटा खाली," थोरली सून नवऱ्याला म्हणाली, "आणि मधे आपण अंधारात. पाणी कधी येतं, कधी जातं, आपल्याला कोणी सांगायचं? का रोज खाली जाऊन दर्शन घ्यायचं त्या काट्याचं?"

थोरल्याचं वाहनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्याने एका मोडीत निघालेल्या ट्रकची इंधनाची तबकडी आणली. "पेट्रोलची टाकी काय, पाण्याची टाकी काय," तो म्हणाला. खिडकीवरून जाणारी तारेची जोडी त्याने सोलली, तबकडी जोडली आणि पिठाच्या डब्यामागे बसवली.

"डब्यामागे का?" थोरलीने विचारलं.

"धाकटीला कळलं तर ती शिकवायला बसेल."

हे कारण तिला पटलं.

आत्याची खोली तळमजल्यावर जिन्याखाली. सासऱ्यांच्या या मोठ्या बहिणीने नवरा गेल्यावर माहेरी मुक्काम टाकला होता, आणि घरात जे काही असेल त्यातलं थोडं आपल्याकडे हवं असा तिचा नियम होता. पिठाच्या डब्यामागे काय आहे हे तिला त्याच दिवशी कळलं.

"मलाही लावून दे एक," ती भाच्याला म्हणाली. "आकडे नकोत, काटे नकोत. मला कुठे दिसतंय? दिवा लाव. पाणी असेल तर लागेल, नसेल तर नाही."

थोरल्याने त्याच तारेला जिन्याखालच्या अंधारात एक फाटा काढला आणि आत्याच्या कपाटात, साड्यांच्या वरच्या फळीवर, एक छोटा बल्ब बसवला. कपाटात का, हे आत्याने विचारलं नाही. तिचंही कारण तेच होतं.

त्यानंतर टाकीला काहीतरी झालं. सासरे सकाळी बघत तेव्हा काटा 'पाव'च्याही खाली. मोटर लावून ते रोजच्यासारखे वाचायला बसत, आणि पहिलं पान व्हायच्या आत गच्चीवरून पाणी कोसळल्याचा आवाज येई. काटाही विचित्र वागे. बराच वेळ तळाशी पेंगे आणि मग एकाएकी, झोपेतून दचकून उठावं तसा, 'भरली'वर उडी मारी. तोवर उशी भिजलेली असे.

पाणी कमी दिसत होतं, म्हणजे कोणीतरी जास्त वापरत होतं. कोण, याबद्दल प्रत्येक मजल्याचं मत पक्कं होतं.

"वरच्यांना काय, टाकी डोक्यावरच आहे," थोरली म्हणाली. "आमचा काटा…" आणि थांबून म्हणाली, "आमचा काटा काढायलाच बसलेत."

"माझा दिवा दिवसभर लागत नाही," आत्या म्हणाली, आणि सासऱ्यांनी चमकून पाहिलं तेव्हा म्हणाली, "देवा, लागत नाही म्हटलं. देवा, पाणीच लागत नाही हाती."

धाकट्याने कुणावर आरोप केला नाही. त्याने फक्त ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली. महिना संपत आला होता.

धाकटी सून गच्चीवर गेली. टाकीत डोकावली तर पाणी पाऊण. तिने शाळेतून आणलेला मापक मधल्या टोकाला लावला. दाब दीड व्होल्टच्या आसपास. खाली जाणारी तार तिने सोडवली आणि पुन्हा मोजलं. पावणेसात. तार जोडली, दीड. सोडवली, पावणेसात. म्हणजे बटण ठीक होतं. तार खाली कुठेतरी दाब पाडत होती. तारेचाच काही दोष असेल तर आधी ती किती लांब आहे ते बघावं, असं ठरवून तिने शिवणाची टेप घेतली आणि तारेबरोबर जिना उतरायला लागली. भिंतीला टेप लावायची, खडूने खूण करायची, पुढे सरकायची.

थोरल्याच्या खिडकीपुरता तुकडा अंदाजाने धरून, जिन्याची भिंत मोजून ती सासऱ्यांच्या खोलीत आली आणि दारापासून टेबलापर्यंतची भिंत मोजली. सासऱ्यांनी त्याच वेळी मोटर लावली होती. काटा 'पाव'च्या खालीच होता. त्यांनी टेप पाहिली, खडूची खूण पाहिली, मग चिठ्ठीवरचा खोडलेला शब्द पाहिला.

"सगळ्यांना बोलवा," ते म्हणाले.

सगळे जमले. थोरल्याने दुकानाचा फोन आला तर सांगा, असं म्हणून कोपऱ्यात जागा घेतली. आत्या पलंगाच्या कडेला बसली. सासऱ्यांनी घसा साफ केला.

"आमच्या छापखान्यात एक पद्धत होती. चूक दिसली की तोंडाने बोलायचं नाही, समासात लिहायचं. मी इतके दिवस तसंच केलं. पण आता घर मोजायला सुरुवात झाली, म्हणून बोलतो. सूनबाई, जायचं तर जा. पण भिंती मोजू नका. भिंती मी मोजून ठेवलेल्या आहेत."

"भिंती?" धाकटी म्हणाली. "मी तार मोजतेय बाबा."

"आणि हा?" त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "विभव-विभाजक! माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर, संपत्तीची वाटणी करणारं यंत्र बसवलंत. आणि वर नाव लिहिलंत. सुवाच्य अक्षरात!"

मग थोरली म्हणाली, "बघा! मी म्हणत नव्हते?"

"काय म्हणत होतीस?" थोरल्याने विचारलं.

"आत्ता आठवत नाही. पण म्हणत होते."

"बाबा, विज्ञानात विभव म्हणजे…"

"विभव म्हणजे संपत्ती! 'व'पर्यंत मी स्वतः तपासलाय तो कोश!"

"विज्ञानात विजेच्या पातळीला म्हणतात."

"मग विज्ञानाने 'श'च्या पुढचा शब्द घ्यायचा होता! आणि त्या दोन खोल्या? त्याही विजेच्याच?"

धाकट्याने मान खाली घातली. "त्या ओलीमुळे, बाबा. वाटणी कुणाला हवीय? आम्हाला कोरडी उशी हवीय."

"महिनाअखेर उद्या आहे," धाकटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच वर्गातला राहिला नव्हता. "मला जायचं नाहीये. म्हणून तर ती टेप. काटा खोटं का बोलतोय ते मला कळलं नाही तर आम्हाला जावं लागेल."

आत्या मात्र ऐकत नव्हती. ती दारातून समोरच्या आपल्या खोलीकडे बघत होती. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि साड्यांवर पिवळा उजेड पडला होता.

"दिवा लागला!" आत्या ओरडली. "पाणी आलं, पाणी आलं!"

आणि तिच्या ओरडण्यावर मोहोर उमटवावी तसं वरून पाणी कोसळलं. वादाच्या भरात मोटर चालूच राहिली होती. सासऱ्यांनी खटका दाबला. आवाज थांबला.

"आत्या," धाकटी सावकाश म्हणाली, "कसला दिवा?"

आत्याने थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने बायकोकडे आणि बायकोने छताकडे.

पुढची पाच मिनिटं कबुलीजबाबात गेली. पिठाच्या डब्यामागून ट्रकची तबकडी बाहेर आली. तिच्यावर पिठाचा थर होता. धाकटीने ती टेबलावर ठेवली, आपल्या तबकडीशेजारी, आणि कपाळावर हात मारून हसायला लागली.

"हसायला काय झालं?" थोरला म्हणाला. "नवी आहे जवळजवळ."

"दादा, माझी तबकडी नुसती बघते. तिचा स्वतःचा रोध इतका मोठा आहे की तिच्यातून वीज जवळजवळ जातच नाही. म्हणजे असं समजा, दारात उभं राहून विचारपूस करून जाणारा पाहुणा. आत येत नाही, चहा घेत नाही. घर होतं तसं राहतं."

"आणि आमची?"

"तिचा रोध अगदी थोडा. ती जेवायला बसते. वाढलेलं ताटच रिकामं होतं. मग बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या घरात काही शिजलंच नव्हतं. पाऊण टाकी भरलेली असून काटा पाव दाखवतो. त्यावर आत्यांचा दिवा म्हणजे…"

"मी कोण?" आत्याने डोळे बारीक केले.

"तुम्ही मुक्कामाला आलेल्या पाहुण्या."

"मी माहेरी आहे. पाहुण्या तुम्ही दोघी."

"मोजायला गेलो आणि जे मोजायचं तेच खाऊन बसलो," धाकटी म्हणाली. "टाकी काठोकाठ भरली की मात्र मधलं टोक थेट वरच्या टोकाला भिडतं. तिथे मधे अडवायला रोधच उरत नाही, मग कितीही जण जेवले तरी दाब पुरतो. म्हणून काटा शेवटी उडी मारतो."

सासरे पुढे झुकले होते. वाद घालायच्या तासाला झुकत तसे. "पण हे बसवलंत तेव्हा म्हणालात, रोधाचे भाग पडतात तशी दाबाची वाटणी. म्हणजे जास्त दाब कुणाला?"

"ज्याचा रोध जास्त त्याला."

"म्हणजे जो जास्त अडून बसेल त्याच्या वाट्याला जास्त," थोरली म्हणाली. "यासाठी शाळा कशाला लागते? मला लग्न होऊन या घरात आल्यापासून माहीत आहे."

कोणीही आत्याकडे पाहिलं नाही. हे न पाहणं आत्याच्या लक्षात आलं.

"काही म्हणा," ती ताठ बसून म्हणाली, "तुमचे काटे खोटं बोलले. माझा दिवा बोलला का खोटं? दिवा लागला की टाकी भरलेली होती का नव्हती?"

धाकटी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. अर्ध्या टाकीला दिवा लागत नव्हता, पाऊण टाकीलाही नाही. तो फक्त टाकी भरली की लागे. इतके दिवस त्या घरात खरं सांगणारं एकच उपकरण होतं आणि ते साड्यांच्या कपाटात होतं.

"आत्या," ती म्हणाली, "तुमचा दिवा राहणार."

"मग आमची तबकडी का जाणार?" थोरलीने लगेच विचारलं.

"वहिनी, दिव्यालाही त्या तारेवर जेवू देणार नाही. त्याला वेगळी तार. टाकीच्या काठाच्या जरा खाली एक छोटा तरंगता खटका, तो सरळ अडॅप्टरला. पाणी तिथवर आलं की दिवा, एरवी काही नाही. आत्यांनी ओरडायचं, बाबांनी मोटर बंद करायची."

"ओरडायचं?" आत्याला हे काम आवडल्याचं दिसलं. "केव्हाही?"

"दिवा लागल्यावरच," सगळे एकदम म्हणाले.

ट्रकची तबकडी राहिली. थोरलीला ती गेलेली नको होती, धाकटीला तिची तार नको होती. शेवटी ती तारेशिवाय पुन्हा स्वयंपाकघरात लागली, या वेळी डब्यापुढे. तिचा काटा कायम 'रिकामी'वर असे आणि थोरली येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवून म्हणे, "बघा, आमच्या वाट्याला हे."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी तार जोडून झाली. सासऱ्यांनी मोटर लावली. काटा 'अर्धी'वरून निघाला, शहाण्यासारखा सावकाश चढला, 'पाऊण' ओलांडून गेला. सासऱ्यांनी पुरवणी घडी घालून बाजूला ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावर धाकटा पलंगावर उताणा पडून छताकडे बघत होता. पोटावर रिकामी बादली धरली होती.

"दिवाऽऽ!"

आत्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्या दोन खोल्यांच्या मालकानेही ऐकला असावा. खटका पडला. धाकट्याने वाट पाहिली. वरून काहीच आलं नाही. त्याने बादली खाली ठेवली आणि ट्रंक माळ्यावर चढवायला बायकोला हाक मारली.

ती खाली होती. चहा झाला होता. सासरे तबकडीसमोर बसून लाल पेन्सिलीला टोक करत होते. ते काम झाल्यावर त्यांनी चिठ्ठी जवळ ओढली.

"ही जोडरेघ चुकीची आहे," ते म्हणाले.

"बरोबर आहे."

"उद्या सिद्ध करून दाखवतो. कोश आणा."

"उद्या आणते."

'उद्या' या शब्दावर त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून, खोडलेल्या 'विभाजक'खाली, एकेक करून, त्यांनी लाल टिंबांची रांग दिली.